टर्मिनल बंद केलं की व्हेरिएबल गायब?

अरे, तुझं काही बिघडलेलं नाही. टर्मिनलमध्ये दिलेलं एक्स्पोर्ट (व्हेरिएबल पुढच्या प्रोग्रॅमना देणारी कमांड) त्या शेलपुरतं, म्हणजे तिथे तुझ्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमपुरतं, आणि त्यातून सुरू झालेल्या प्रोग्रॅमपुरतंच असतं. टिकवायचं तर फाइलमध्ये लिहावं लागतं.

उबुंटू लिनक्सवर सुरुवातीला दोनच फाइली लक्षात ठेव:

- फक्त तुझ्यासाठी: होम फोल्डरमधली डॉट प्रोफाइल. एक्स्पोर्टची ओळ तिथे लिहिलीस की एकदा लॉगआउट करून परत लॉगिन कर. नुसती नवी खिडकी उघडून बघत बसू नकोस, बहुतेक जण तिथेच वैतागतात.
- सगळ्या यूजर्ससाठी: ईटीसी फोल्डरमधली एन्व्हायर्नमेंट. ही स्क्रिप्ट नव्हे. एका ओळीत नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत, बस. इथे डॉलर-होम लिहिलंस तर त्याचा होम फोल्डरचा पत्ता होत नाही, पूर्ण पत्ताच लिही.

बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस देऊ नकोस, बॅश (उबुंटूचा नेहमीचा शेल) लगेच कुरकुरतो.

खरी गंमत पाथ या व्हेरिएबलची, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीची. डॉट प्रोफाइलमध्ये नवा फोल्डर जोडताना शेवटी कोलन आणि डॉलर-पाथ विसरलास, तर एलएस, नॅनो सगळंच ‘कमांड नॉट फाउंड’. घाबरून रीइन्स्टॉल करायला धावू नकोस! स्लॅश-यूएसआर-स्लॅश-बिन-स्लॅश-नॅनो असा पूर्ण पत्ता दे, एडिटर उघडतो. ती ओळ सुधार.

सूडो (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) लावल्यावर व्हेरिएबल का दिसत नाही, हे आत्ता नको. रविवारी इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे-जलेबी खाता खाता सांगतो. तोवर लॉगिन करून प्रिंटएन्व्ह ही व्हेरिएबलची यादी दाखवणारी कमांड चालव, तुझ्या व्हेरिएबलचं नाव यादीत आलं की झालं.