धुऱ्यावरून जाताना

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. कापसाचा वेचा चालू असल्याने उत्तराला उशीर झाला. भरतीच्या यादीत दुसऱ्यांदा नाव आले नाही आणि मोठेबाबांनी, तुझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने, विकलेल्या मालाच्या चुकाऱ्यातला तुझ्या वडिलांचा वाटा अजून दिला नाही, या दोन गोष्टी तू वेगवेगळ्या लिहिल्या आहेस. परंतु पत्र पुन्हा वाचल्यावर मला वाटले की पहिलीचे दुःख एव्हाना ओसरले असते, तुला रात्री झोपू देत नाही ती दुसरीच.

आधी शरीराचे पाहा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवले, आणि तो खाऊन पुन्हा निजला. तूही वेळेवर जेवत जा. एलीयासारखे मागणे कधी ओठांवर आलेच, तर घरच्यांना उठव किंवा मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेलि-मानस या सरकारी मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन कर. त्याने विश्वास उणा ठरत नाही.

आता मोठेबाबांविषयी. 2017 साली गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, त्याच हंगामात माझ्या चुलतभावाने आमच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कोरून माझ्या वावरात सरकवला. पीक अळीने नेले, पण अळीला मी कधी शिव्या दिल्या नाहीत. वर्षभर मनातल्या मनात भांडत राहिलो तो त्याच्याशी. पुढच्या वर्षी कापणीच्या सणाला पहिल्या वेच्याचा कापूस धोतराच्या फडक्यात बांधून अर्पणाला नेला, आणि नेमके मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन वाचले गेले, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर. मी अर्पण ठेवले आणि सरळ घरी आलो. (वचनात भावाच्या मनातले म्हटले आहे, माझ्या मनातले नव्हे, अशी पळवाटही मी काढून पाहिली.)

तीन आठवड्यांनी गेलो. तो अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून पाणी तापवत होता. मला पाहून उठला नाही. मी म्हणालो, "धुऱ्याचा राग मी सोडला." त्याने दोन पऱ्हाट्या मोडून विस्तवात सारल्या आणि बऱ्याच वेळाने आतल्यांना चहा मांडायला सांगितले. माफी त्याने मागितली नाही, आजवर मागितलेली नाही. खरे तर माझाही राग तेव्हा पुरता सुटला नव्हता. सातांच्या सत्तर वेळा क्षमा करावी, हे प्रभूने पेत्राला सांगितले ते मी नव्या नव्या अपराधांसाठी समजत होतो. त्या एकाच अपराधाची क्षमा धुऱ्यावरून जाताना रोज नव्याने करावी लागते, हे मला त्यानंतर कळले. मात्र ज्या दिवशी ती जमते, त्या दिवशी डवरणीला हात हलका चालतो.

पुढे मी जमिनीच्या मोजणीचा अर्जही केला, पण त्याला आधी सांगून. क्षमा केली म्हणून हक्क सोडावा लागत नाही; तेव्हा चुकाऱ्याची पावती जपून ठेव आणि हिशेब मागताना आवाज चढवू नकोस.

रविवारी उपासनेनंतर थांब. मोठेबाबांच्या फाटकापर्यंत मी तुझ्यासोबत येईन. आत मात्र तुलाच जायचे आहे.

तुझा,
काका