एक संध्याकाळ कोरी ठेवा

तुम्ही विचारलंय की नोकरी, घर, तब्येत सगळं ठीक असूनही आजचा दिवस कालच्यासारखाच वाटतो, सुट्टी मिळाली तरी आपणहून काही करावंसं वाटत नाही, तर रोजच्या जगण्यात गंमत आणि उत्स्फूर्तपणा आणायचा कसा.

काही वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी होतो. तेव्हा केलेला पहिला उपाय आधी सांगतो, कारण तो फसला आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. मी वहीत यादी केली. दर रविवारी एक नवी जागा, महिन्याला एक नवी ओळख, वर्षभरात दोन नवे छंद. दीड महिन्यात ती यादी माझ्या मानगुटीवर बसली. रविवार उजाडला की 'आज काय उरकायचंय' हाच विचार पहिला यायचा. आठवड्यात थोडाफार रिकामा वेळ होता, तोही मीच भरून टाकला होता.

असं का झालं, ते मला पुढे वाचनातून कळलं. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन माल्कोक या संशोधकांनी २०१६ साली १३ अभ्यासांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मौजेच्या गोष्टीला दिवस आणि तास नेमून दिला की ती कामासारखी वाटू लागते आणि तिच्यातली मजा कमी होते, असं त्यांना दिसलं. याच लोकांनी वाटही दाखवली आहे. वेळ ढोबळ ठेवली, म्हणजे 'साडेपाचला भेटू' याऐवजी 'दुपारनंतर कधीतरी भेटू' म्हटलं, तर हा तोटा जवळजवळ होत नाही. मी हे करून पाहिलंय. भेट ठरते, पण तिचं ओझं वाटत नाही.

आता कंटाळ्याबद्दल. तो येतो म्हणजे आपलं आयुष्य रटाळ आहे, असं मी मानत नाही. मेंदूचं कामच तसं आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला अनपेक्षितपणे रस मिळाला की त्याच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात प्रतिसाद देत. पण रसाआधी दर वेळी एक ठरावीक खूण दाखवायला लागल्यावर त्या पेशी खुणेला प्रतिसाद देऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळताना गप्प राहू लागल्या. रस तोच होता, पण तो येणार हे आधीच कळलेलं होतं. 'नव्याचे नऊ दिवस' आपण म्हणतो ते यामुळेच. म्हणून महागडी वस्तू घेऊन किंवा मोठा प्रवास करून हा प्रश्न फार काळ सुटत नाही, कारण त्याचीही सवय होते. मला उपयोगी पडलं ते एवढंच: दिवसातला एखादा छोटा निर्णय आधी घ्यायचाच नाही.

माझ्यापुरतं हे संध्याकाळच्या फिरण्यापासून सुरू झालं. रस्ता फुटला की नाणं उडवायचं. छापा आला तर डावीकडे, काटा आला तर उजवीकडे. पहिले तीन-चार दिवस काही विशेष घडलं नाही, हेही सांगायला हवं. मग एकदा नाण्याने मला अशा गल्लीत नेलं, जिच्या तोंडावरून मी कित्येक वर्षं रोज जात होतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी गाण्याच्या एकाच ओळीचा सराव करत होतं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मी खाली उभा राहून ऐकत राहिलो. ओळ शेवटी नीट लागली तेव्हा मला इतका आनंद झाला, की जणू मीच गात होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तीही माझ्यासोबत निघाली.

पाठ झालेल्या वाटेतही बरंच काही आपल्या नजरेतून सुटतं, याचा एक मोठा दाखला आहे. फेब्रुवारी २०१४मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत ४८ तासांचा संप झाला, बरीच स्थानकं बंद राहिली आणि रोजच्या प्रवाशांना दुसरे मार्ग शोधावे लागले. संप मिटल्यावर संशोधकांनी प्रवासाच्या कार्डांची माहिती तपासली, तेव्हा सुमारे ५ टक्के लोक नव्या मार्गावरच कायम राहिल्याचं दिसलं. म्हणजे रोज ये-जा करूनही त्यांना स्वतःसाठी जास्त सोयीचा मार्ग सापडला नव्हता, आणि अडवणूक झाली नसती तर बहुधा सापडलाही नसता.

पण सगळ्यात जास्त अनपेक्षित काही असेल तर ती माणसं. अनोळखी माणसाशी बोलायला आपण बिचकतो. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शिकागोच्या काही रेल्वे प्रवाशांना शेजारच्याशी बोलायला सांगितलं होतं. बोलणाऱ्यांचा प्रवास गप्प बसणाऱ्यांपेक्षा सुखाचा झाला, आणि लोकांचा आधीचा अंदाज नेमका उलटा होता. घरच्या माणसांबाबत तर आपण 'मला सगळं माहीत आहे' असंच धरून चालतो. मी एकदा आईला सहज विचारलं, 'लहानपणी तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची?' ती तासभर बोलत होती. त्यातलं जवळजवळ काहीच मी आधी ऐकलेलं नव्हतं. 'जेवलीस का, औषध घेतलंस का' यापलीकडे आमचं बोलणं गेलंच नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

मोबाईलबद्दल थोडक्यात. रांगेतली किंवा कुणाची वाट पाहण्यातली पाच मिनिटं तो गिळून टाकतो, आणि मनात काही यायला तेवढीच जागा असते. त्या वेळी तो पिशवीत तळाशी ठेवा.

मात्र सगळीच घडी विस्कटू नका. झोपेची वेळ, पैशांचे व्यवहार, दुसऱ्याला दिलेला शब्द हे ठरल्याप्रमाणेच चालू द्या. रोजच्या बारीकसारीक गोष्टी सवयीवर सोपवल्या की मन चांगल्या कामाला मोकळं राहतं, असं मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९०मध्येच मांडलं होतं आणि ते मला पटतं. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर वेळ तुमच्या हातात नसतो. तेव्हा दहा मिनिटंही खूप झाली.

आणि एक मनापासून सांगतो. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ काहीच आनंद वाटत नसेल, झोप आणि भूक बदलली असेल, तर तो साधा कंटाळा नसू शकतो. डॉक्टरांना भेटा, नाण्याचा खेळ नंतर करता येईल.

माझी आता बुधवारची संध्याकाळ कोरी असते. कुणी त्या वेळेत काम देऊ केलं तर मी 'वेळ नाही' म्हणतो. ती वेळ मी राखून ठेवतो, तिच्यात काय करायचं ते ठरवत नाही. बऱ्याचदा काहीच घडत नाही, मी खिडकीशी बसून राहतो. गेल्या बुधवारी एका जुन्या मित्राचा फोन आला, 'तुझ्या भागात आलोय, भेटतोस का?' पूर्वी मी 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणालो असतो. या वेळी चपला घालता घालताच म्हणालो, 'निघालो.'