पायजमा-नेहरू शर्टावर वागवायला हलकं रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आडतीचा धंदा, अंबाजोगाई ते लातूर मार्केट यार्ड जाणं-येणं, हंगामात परतायला रात्र होते. परवाना मंजूर झालाय. अंगावर पायजमा-नेहरू शर्ट असतो, त्यावर दिसणार नाही असं छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर हवंय. सोबत यूट्यूबवर पाहिलेल्या स्मिथ अँड वेसन ६४२ आणि रुगर एलसीआर यांची नावं दिली आहेत.

मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. निवृत्तीनंतर मराठवाड्यातल्याच एका शस्त्र-काडतुसांच्या दुकानात काउंटरवर बसतो. हाच प्रश्न घेऊन येणारे पुष्कळ भेटतात, आणि बहुतेकांच्या मोबाईलवर तेच व्हिडिओ असतात.

त्या दोन्ही हत्यारांचा विचार सोडून द्या. ६४२ रिकामं असताना चारशे ग्रॅमच्या थोडं वर भरतं, एलसीआर त्याहूनही हलकं. दोन्ही पाच गोळ्यांची. काडतुसावर ठोका देणारी हातोडी आतच झाकलेली, त्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकत नाही. वस्तू उत्तम आहेत, पण त्यांचा मूळ बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, .३८. आपल्याकडे .३८, .४५५ आणि ९ एमएम हे प्रतिबंधित बोअर. तुमच्या परवान्यावर ते चढणार नाहीत. शिवाय ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. त्याआधी आलेली जुनी वेब्ली वगैरे ब्रिटिश रिव्हॉल्व्हरं एका परवान्यावरून दुसऱ्यावर फिरतात आणि त्यांचे भाव लाखांत बोलले जातात. नावासाठी लोक घेतात. सुटा भाग मोडला तर मिळत नाही, म्हणून मी रोजच्या वापराला तशी वस्तू कुणाला सुचवत नाही.

मग राहतं .३२, म्हणजे आपण ज्याला बत्तीस बोअर म्हणतो ते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं साधं बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमच्या आसपास. त्याच घराण्यातलं ‘निर्भीक’ जानेवारी २०१४ मध्ये बाजारात आलं. सांगाडा टिटॅनियमच्या मिश्रधातूचा, वजन जेमतेम अर्धा किलो, सहा गोळ्या. महिलांच्या पर्ससाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, आणि किंमत ऐकून महिलांसकट सगळेच दचकले: तेव्हाच कर धरून सव्वा लाखाच्या घरात होती. घेणाऱ्यांत पुरुषच जास्त दिसतात, तो भाग वेगळा. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं. तेही बत्तीस बोअरच. त्याची काडतुसं भरायची चक्री बाजूला उघडते, नळी ७६ मिलिमीटरची, आणि ५० मीटरपर्यंत मारा होतो असा कारखान्याचा दावा. वजन मात्र पुन्हा सातशे ग्रॅमपाशी. तुमची गरज गाडीच्या दारापाशी उभ्या राहिलेल्या माणसाची आहे, पन्नास मीटरची नाही, त्यामुळे त्या आकड्यासाठी पैसे मोजू नका. बाजूला उघडणारी चक्री आवडली तर घ्या. ‘निडर’ नावाचं .२२ बोअरचं एक आहे, अडीचशे ग्रॅमच्या आसपास, खिशात आहे हे कळतही नाही. स्वसंरक्षणासाठी मी ते सांगत नाही. .२२ च्या काडतुसाचा बार कडेला ठोकून पेटतो, त्यात फुसकं निघण्याचं प्रमाण मधोमध ठोकणाऱ्या काडतुसापेक्षा जास्त, आणि गोळीही दुबळी.

म्हणजे निवड खरी दोनच गोष्टींत: अर्धा किलो की पाऊण किलो. ‘हलकंच द्या’ असं सगळे म्हणतात, म्हणून हलक्याची दुसरी बाजू जरा सविस्तर सांगतो.

लोकांना वाटतं हलकं हत्यार म्हणजे जोराचा धक्का. बत्तीस बोअरमध्ये धक्का ही अडचणच नाही. ते काडतूस मवाळ आहे, निर्भीकमधूनही सहज सोसतं. अडचण आहे चापाची. हातोडी मागे न ओढता सरळ चाप दाबला, की त्याच एका दाबात चक्री फिरते, हातोडी मागे जाते आणि सुटते. त्याला चार-पाच किलोंचा जोर लागतो. आता हातातली वस्तू अर्ध्या किलोची आणि बोट तिला ओढतंय त्याच्या आठ-दहा पट जोराने. नळी हलणारच. उजव्या हाताच्या माणसाची गोळी बहुधा डावीकडे खाली जाते, ती यामुळेच. वजनदार हत्यार स्वतःच्या भारानेच थोडं स्थिर राहतं. त्यात छोटी मूठ असली की करंगळी हवेत लटकते, पकड आणखी ढिली. नळी आखूड, म्हणजे नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर कमी. नेम केसभर चुकला तरी पुढे वीतभर चुकतो. सात-आठ पावलांवर हे सगळं सांभाळून घेता येतं, पण सरावाने. आपल्या भागात रायफल क्लब बोटांवर मोजण्याइतके, आणि काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच. म्हणजे सर्वांत जास्त सराव मागणारं हत्यार आपण सर्वांत कमी सराव करणाऱ्याच्या हाती देतो.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग सातशे ग्रॅमचंच द्या. पँट आणि चांगला रुंद पट्टा वापरणाऱ्याला मी डोळे झाकून तेच सांगतो. तुमच्या बाबतीत गाडी अडते ती नाड्यावर. नाडीच्या पायजम्याला भरलेलं पाऊण किलोचं हत्यार लटकत नाही. दोन पावलं चाललात की पायजमा एका बाजूला उतरायला लागतो, हात सारखा कमरेला जातो, आणि समोरच्याला न सांगता कळतं की तिथे काय आहे. जुने व्यापारी बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे, नोटांच्या बंडलाशेजारी. लपतं छान, पण काढायला आधी शर्टाची बटणं सोडावी लागतात, आणि खिशात चाप उघडा राहतो. चापावर कापड, किल्ल्या, काहीही येऊ शकतं. सदऱ्याच्या बाजूच्या खिशाचंही तेच. गादीवर मांडी घालून बसलात, हिशेबाला वाकलात, की ते घसरून बाहेर.

तुमच्यासाठी माझं मत असं: निर्भीक घ्या, पण नाड्यावर विसंबू नका. पायजम्यावर, शर्टाच्या आतून, दीड इंच रुंदीचा जाड चामडी पट्टा बांधा आणि त्याला चाप पूर्ण झाकणारं, तोंड कडक राहणारं होल्स्टर लावा. उजव्या कुल्ल्याच्या हाडाच्या किंचित मागे. मांडी घातल्यावर पोटात टोचत नाही, जीपच्या सीटबेल्टच्या बकलमध्येही येत नाही. नेहरू शर्टाची लांबी त्यावर सहज येते. मऊ कापडी होल्स्टर फुटपाथवर शंभर-दोनशेला मिळतात, ती घेऊ नका. हत्यार काढलं की तोंड मिटतं आणि परत घालताना कापडाची घडी चापात जाते. निर्भीकची हातोडी बाहेर आहे, त्यामुळे काढताना अंगठा हातोडीवर ठेवून काढायची सवय लावा. शर्टात अडकणं तिथेच थांबतं.

हे होल्स्टरचं फक्त सोयीसाठी सांगत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांतही सार्वजनिक ठिकाणी छोटं हत्यार त्यासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, स्वतःच्या ताब्यात ठेवायचं, असंच आहे. काढून दाखवणं, टेबलावर ठेवून बोलणं हे आपल्याकडे काही जणांना फार आवडतं. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाच्या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात परवान्यांची कशी झाडाझडती झाली ते तुम्ही तिथेच बसून पाहिलंय. रीलमध्ये कमरेला हत्यार दिसलं एवढ्यावरही नोटीस येऊ शकते. लपवून वागवायचं म्हणताय ते म्हणूनच मला पटलं.

आता दुकानात गेल्यावर काय पाहायचं. सेल्समन तुम्हाला चकाकी दाखवेल. तुम्ही आधी हत्यार उघडून घ्या. निर्भीक आणि साधं बत्तीस, दोन्ही वेब्लीच्या पद्धतीची: वरचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे झुकते, रिव्हॉल्व्हर मधून मोडल्यासारखं उघडतं आणि चक्रीच्या मधला ताऱ्याच्या आकाराचा भाग वर येऊन काडतुसांची सहाही रिकामी खोकी एकदम उचलतो. चक्रीतली काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत हे स्वतः, बोट लावून बघा. मग बंद करा आणि दुकानदाराच्या परवानगीने डमी, म्हणजे बार नसलेली, काडतुसं घालून हातोडी अगदी हळू मागे ओढा. हातोडी अडकायच्या आत चक्री ‘टक्’ करून जागेवर बसली पाहिजे. हातोडी मागे असताना चक्री बोटांनी हलवून बघा. थोडा खेळ चालतो, खडखड चालत नाही. सहाही घरांवर हे करा, एकाच घरावर करून समाधान मानू नका, कारण दोष बहुतेक वेळा एखाद्याच घरात असतो. नंतर चक्री आणि नळी यांच्यामधली फट उजेडाकडे धरून बघा. कागदासारखी बारीक आणि दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. फट मोठी असेल तर गॅस आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेवटी बिजागरी: उघडून-मिटवून झाल्यावर नळी धरून वर-खाली हलवा. जराही डुगडुगली तर दुसरा नग मागा. पैसे तुम्ही देताय, लाजू नका. मी स्वतः काउंटरच्या या बाजूला बसून सांगतोय.

काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्याची मिळतात, बुडाला ‘केएफ’ शिक्का असतो. रिव्हॉल्व्हरचा मोठा फायदा इथे कळतो: एखादं फुसकं निघालं तर पुन्हा चाप दाबायचा, चक्री पुढचं काडतूस आणून ठेवते. पिस्तुलात तेव्हा दोन्ही हात लागतात. म्हणून नव्या माणसाला मी पिस्तुलाऐवजी रिव्हॉल्व्हरच सांगतो, दोन-तीन गोळ्या कमी असल्या तरी. मात्र मे महिन्यात आपल्याकडे कमरेशी दिवसभर घाम असतो. तीच सहा काडतुसं तीन-तीन वर्षं चक्रीत ठेवलेले लोक मी पाहतो. पितळ हिरवं पडलेलं असतं. वर्षाला चक्रीतली काडतुसं रेंजवर उडवून टाका आणि नवी भरा, सरावही होतो. आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसून स्क्रू, बिजागरी आणि नळीच्या आत तेलाचा पातळ हात. टिटॅनियमला गंज नाही, पण नळी आणि आतले सुटे भाग पोलादाचेच आहेत. तेल जास्त झालं तर रेणापूरच्या रस्त्यावरची धूळ त्यात बसून घट्ट चिकट थर होतो. त्यापेक्षा थोडं कोरडं बरं.

घरी सराव कोरडाच करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, डमी घालून, नळीच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेवून चाप दाबायचा. नाणं पडू न देता जमायला लागलं की समजा हात बसला. रोज दहा मिनिटं पुरे. हलकं हत्यार घेताय तर हे टाळून चालणार नाही.

राहिल्या परवान्याच्या गोष्टी, ज्या दुकानदार घाईत सांगत नाहीत. मूळ परवाना हत्यारासोबत हवा. त्यावर लिहिलेल्या क्षेत्राबाहेर हत्यार न्यायचं नाही. मेळा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचा आवार इथे खास परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, ही परवान्याचीच अट आहे. म्हणजे नवरात्रात तुळजापूरला किंवा माळेगावच्या यात्रेला निघालात तर घरी तिजोरीत. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून उतरायचं नाही, ड्रायव्हरच्या हाती तर अजिबात द्यायचं नाही. त्याच्याकडे परवाना नाही, गुन्हा दोघांवर. निवडणुका लागल्या की जमा करण्याची नोटीस येते, तेव्हा पोलीस ठाण्यातून पावती घ्या आणि त्यावर नंबर, बोअर, काडतुसांची संख्या बरोबर आहे का ते तिथेच वाचा. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधीच द्या.

चालवायची वेळ कधी, याबद्दल भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ एकदा वकिलाकडे बसून समजून घ्या. रोकड घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणं आणि गळ्याला कोयता लावलेला असताना झाडणं, यात कोर्टात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

विचारलं नाहीत तरी एक सांगतो: शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे, म्हणजे विकलेल्या मालाचे, पैसे जितके बँकेतून देता येतील तितके द्या, म्हणजे रात्री अंगावर रोकड कमी. आणि खरेदीला जाताना तोच पायजमा, तोच शर्ट घालून जा, आतून पट्टा बांधून. दुकानात रिकामं हत्यार होल्स्टरमध्ये लावून खुर्चीवर बसा, खाली मांडी घाला, वाका, उठा. तिथे टोचलं तर रोज टोचेल, आणि टोचणारं हत्यार महिनाभरात कपाटात जातं.