दोन सर्जिकल मास्क म्हणजे एक एन-९५ नव्हे

तू विचारलंयस की एमडीआर टीबीच्या (म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या) वॉर्डात पोस्टिंग लागलंय, एन-९५ मोजकेच मिळतात, तर एकावर एक दोन सर्जिकल मास्क लावले तर चालतील का. नाही गं चालणार. दोन लाव नाहीतर चार लाव, हवा गालाच्या बाजूनं आत शिरणारच. सर्जिकल मास्क पेशंटला दे, खोकल्याचे थेंब तिथल्या तिथं अडवायला तो बरा. टीबीचे सुकलेले कण १ ते ५ मायक्रॉनचे असतात, तासन्‌तास तरंगत राहतात, त्यामुळे पेशंट एक्स-रेला गेलाय म्हणून खोलीत मास्क खाली ओढू नकोस.

आणि एन-९५ सुद्धा नुसता अडकवून भागत नाही. वरचा पट्टा डोक्यामागे उंच, खालचा कानाखालून मानेवर, क्रॉस करायचे नाहीत. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत बाहेरच्या बाजूला न्यायची, एका हातानं चिमटा काढलास की मधे टोक येतं नि शेजारी फट राहते. मग दोन्ही तळवे मास्कवर हलके ठेवून श्वास सोड, डोळ्यांपाशी वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ आली की परत बसव, दर वेळी. काहीजणी एन-९५ खराब होऊ नये म्हणून आत सर्जिकल घालतात, म्हणजे सीलच गेलं की! दाढीवाल्या ब्रदर लोकांचंही तेच.

एकच मास्क परत वापरायची वेळ येतेच आपल्याकडे, तर नाव लिहून कागदी पाकिटात ठेव, प्लास्टिकमधे घाम सुकत नाही. धुवायचा नाही, स्पिरिट तर अजिबात मारायचं नाही, कारण आतल्या थराचा स्टॅटिक चार्ज कण धरून ठेवतो आणि स्पिरिटनं तोच जातो, मास्क दिसतो मात्र कोराच. ओला झाला, पट्टा सैल पडला की टाकून दे.

कोविडनंतर सगळ्यांना वाटतं अंगभर किट म्हणजे सेफ्टी. फुफ्फुसाच्या टीबीला रोजच्या कामात गाऊन लागत नाही, ग्लोव्हज नेहमीसारखे, रक्त-बेडक्याला हात लागणार असेल तेव्हा. कांजिण्यांचा पेशंट असेल तर मात्र दोन्ही घाल, फोडांतूनही लागण होते. काढताना मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर येऊन, दार लावल्यावर.

बेडक्याचं सॅम्पल बाथरूममधे घ्यायला लावू नकोस, मोकळ्यावर पाठव. रात्री पेशंट थंडी वाजते म्हणून खिडक्या लावून घेतात, त्यांना जास्तीचं ब्लँकेट दे पण खिडकी उघडी ठेव, आणि इंजेक्शन देताना वारा तुझ्या पाठीकडून त्याच्याकडे जाईल असं उभी राहा. इन्चार्ज सिस्टरना इंडेंटमधे (सामानाच्या मागणीपत्रात) वेगळ्या साइजचे एन-९५ लेखी मागायला सांग, छोट्या चेहऱ्याला रेग्युलर साइज बऱ्याचदा बसतच नाही.