एचआयव्हीची गोळी सुरू केल्यापासून वजन वाढतंय, हार्मोन्स बिघडलेत का?

बहुतेक वेळा नाही. सुरुवातीच्या वजनवाढीचा मोठा भाग म्हणजे आजाराने खाल्लेलं वजन परत येणं. विषाणू मोकाट असताना शरीर बसल्याजागीही जास्त ऊर्जा जाळतं आणि भूक मरते. गोळीने तो दबला की खर्च कमी होतो, भूक परत येते. चरबी वाढली की रक्तातलं लेप्टिन हे हार्मोनही वाढतं, पण ते बहुधा परिणाम म्हणून. रिपोर्टात ते जास्त दिसलं म्हणून त्याला गुन्हेगार ठरवू नका.

औषधाचाही वाटा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘ॲडव्हान्स’ चाचणीत ९६ आठवड्यांनी डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधासोबत टीएएफ (टेनोफोव्हिर या औषधाचं नवं रूप) घेणाऱ्यांचं वजन सरासरी ७ किलोंच्या आसपास वाढलं, डोल्युटेग्रॅव्हिरसोबत टीडीएफ (टेनोफोव्हिरचं जुनं रूप) घेणाऱ्यांचं ४ किलोंच्या वर, आणि एफाव्हिरेन्झ (एचआयव्हीचं जुनं औषध) आणि टीडीएफवाल्यांचं २ किलोंच्या थोडं वर. बायकांमध्ये वाढ जास्त होती. आपल्याकडे एआरटी केंद्रावर (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर) मिळणारी टीएलडी (टीडीएफ, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्र गोळी) ही मधल्या गटाच्या जवळची. (एफाव्हिरेन्झ आणि टीडीएफ स्वतःच वजन थोडं रोखून धरतात, त्यामुळे हा फरक दिसतो तेवढा सरळ नाही.) डोल्युटेग्रॅव्हिर मेंदूतल्या भुकेच्या यंत्रणेत ढवळाढवळ करतं, अशी शंका घेतली गेली होती, पण ते सिद्ध झालेलं नाही.

मात्र सतत थकवा, थंडी सहन न होणं, पाळी अनियमित होणं असं काही असेल तर थायरॉईड (टीएसएच) तपासून घ्या, आणि साखर तर तपासाच. वजनाच्या धास्तीने गोळी मनाने बंद करू नका. बदल हवा असेल तर केंद्रावरच्या डॉक्टरांना विचारा.