बेटं बुडणारच असतील, तर त्यांच्यावर खर्च कशाला करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मालदीव, किरिबाती, तुवालूसारखी बेटं आज ना उद्या पाण्याखाली जाणार असतील, तर तिथे शाश्वत विकास, किनारा व्यवस्थापन वगैरेंवर पैसा घालण्यापेक्षा लोकांना सरळ दुसरीकडे का वसवू नये?

प्रश्न रोखठोक आहे आणि रास्तही आहे. बरीच वर्षं किनाऱ्यांचा अभ्यास केल्यावर माझं म्हणणं असं, की 'बेट बुडेल कधी' यापेक्षा 'बेटावर राहता येणार नाही, ते कधीपासून' हे विचारायला हवं. या दोन तारखांमध्ये खूप अंतर असू शकतं, आणि दुसरी तारीख बरीचशी माणसाच्या हातात असते.

आधी पाण्याचं बघू. ही बेटं प्रवाळाच्या (पोवळ्याच्या) खडकावर साचलेल्या वाळूची, आणि अशा प्रवाळबेटावर नद्या नसतात. पाऊस वाळूत मुरतो आणि ते गोडं पाणी हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. बेटाच्या मध्यभागी जाड थर, कडेला पातळ. घनतेच्या हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटर असायला हवं. प्रत्यक्षात लहान बेटांवर पाणी समुद्रसपाटीच्या वर जेमतेम असतं, त्यामुळे थरही बेताचाच. आणि हा हिशेब उलटाही लागू पडतो. उपशामुळे विहिरीची पातळी १० सेंटीमीटर खाली गेली आणि तशीच राहिली, तर खारं पाणी ४ मीटरपर्यंत वर चढू शकतं. एकाच खोल बोअरला दणकट पंप लावा, पाणी मचूळ झालंच म्हणून समजा. म्हणून जाणकार तिथे खोल जात नाहीत. पाण्याच्या पातळीलगत भोकं पाडलेले आडवे पाइप पुरतात आणि पसरून, थोडं थोडं पाणी काढतात. उद्घाटनाची फीत कापावी असं त्यात काहीच नसतं, म्हणूनच बहुधा अशा कामांना निधी उशिरा मिळतो.

यात भर घराघरांतल्या शोषखड्ड्यांची. किरिबातीची निम्म्याहून जास्त लोकसंख्या एकट्या दक्षिण तारावात, म्हणजे राजधानीच्या भागात, दाटीने राहते. पिण्याचं पाणी ज्या वाळूत साठतं त्याच वाळूत सांडपाणी मुरतं. तिथे पाण्यासाठी जमीन राखून ठेवावी लागली, म्हणजे कुणाच्या तरी वडिलोपार्जित जागेवर घर बांधायला, डुकरं पाळायला बंदी आली. व्यवस्थापन म्हणतात ते हे. यातलं नव्वद टक्के काम भांडणं मिटवण्याचं असतं, असं मला तरी वाटतं.

मोठ्या लाटा बेट ओलांडून गेल्या की या साठ्यात मीठ उतरतं, आणि ते धुऊन निघायला कित्येक महिने चांगला पाऊस लागतो. लाटा वरचेवर येऊ लागल्या तर साठा सावरायला वेळच मिळत नाही. मार्शल बेटांमधल्या रोई-नामूर बेटाचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्याचा निष्कर्ष हाच होता : बरीच कंकणाकृती बेटं या शतकाच्या मध्यापर्यंत राहण्याजोगी उरणार नाहीत. म्हणजे ती बुडण्याच्या पुष्कळ आधी.

आता जमीन. २०१० मध्ये प्रशांत महासागरातल्या २७ बेटांची जुनी हवाई छायाचित्रं आणि नवी उपग्रहचित्रं ताडून पाहिली, तेव्हा बहुतेक बेटं होती तेवढीच राहिलेली किंवा वाढलेली निघाली. तुवालूचं एकूण क्षेत्रफळ १९७१ ते २०१४ या काळात २.९ टक्क्यांनी वाढलं, समुद्र चढत असताना! यात जादू नाही. प्रवाळाचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, पोपटमाशाने प्रवाळखडक खरवडून खाऊन टाकलेली वाळू हे सगळं लाटा बेटावर आणून टाकतात. बेट एका कडेने झिजतं, दुसरीकडे भरतं. मात्र यावरून 'काही काळजी नको' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. क्षेत्रफळ वाढलं म्हणजे उंची पुरेशी वाढली असं नव्हे, आणि गरम पाण्याने प्रवाळ मेला की वाळूचा कारखानाच बंद. प्रवाळखडक लाटांचा सरासरी ९७ टक्के जोर किनाऱ्याआधीच जिरवतो, तेही गेलं. मध्य अमेरिकेतल्या बेलीझने २००९ मध्ये पोपटमासा पकडायला बंदी घातली ती प्रवाळ वाचवण्यासाठी, कारण हा मासा खडक खरवडतो तो मुख्यतः त्यावरचं शेवाळ खायला, आणि शेवाळ माजलं तर प्रवाळ गुदमरतो. किनाऱ्याच्या रक्षणाचा खर्च म्हणून पाहिलं तर इतका स्वस्त उपाय सापडणं कठीण.

भिंतींबद्दल माझं मत कडू आहे, पण सरसकट नाही. १९८७ च्या लाटांनंतर जपानच्या मदतीने मालदीवची राजधानी मालेभोवती तटबंदी उभी राहिली आणि २००४ च्या सुनामीत तिने शहराला बरंच वाचवलं. दाट वस्तीच्या राजधानीला दुसरा पर्याय नव्हता. पण असं बेट यंत्रावर जगतं : डिसेंबर २०१४ मध्ये खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली आणि अख्ख्या शहराचे नळ कोरडे पडले, भारताला विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवावं लागलं. हेच प्रत्येक बेटावर करायचं ठरवलं तर तुमचा मूळ प्रश्न खरोखरच बिनतोड ठरेल.

शिवाय भिंत शेजाऱ्याची वाळू अडवते. चेन्नई बंदराच्या दक्षिणेला मरीनाची पुळण फुगली ती बंदराच्या बांधामुळे, आणि त्याच बांधामुळे उत्तरेकडचे किनारे खचले. म्हणून वाळूचा प्रवाह जिथून जिथवर जातो तेवढा सगळा किनारा एकाच नियोजनात हवा. बार्बाडोसने त्यासाठी स्वतंत्र सरकारी विभाग ठेवलाय आणि १९९८ मध्ये कायदाही केला.

राहिला स्थलांतराचा मुद्दा. तुवालूने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला. दरवर्षी २८० तुवालूवासी तिकडे कायम राहायला जाऊ शकतात. पहिल्याच सोडतीला निम्म्याहून जास्त लोकसंख्येने नावं नोंदवली. त्याच सुमारास तुवालूची राजधानी फुनाफुटीत भराव घालून सुमारे ७ हेक्टर उंच जमीनही तयार झाली. त्यांना दोन्ही हवंय. जायची वाट मोकळी असावी, पण वर्षाला २८० या वेगाने सगळे जायला दशकं लागतील आणि तोवर रोज पाणी प्यायचंच आहे.