आधी वडिलांचा हप्ता भरा, कॅनडाचं नंतर बघू

फैजपूरहून एका वाचकाचं पत्र आहे. वय 37, जळगाव एमआयडीसीत नोकरी, बायको नर्स, दोन मुलं. बायकोच्या नावाने कॅनडाच्या पीआरचा (कायम वास्तव्याच्या परवान्याचा) अर्ज करायचाय. तिला तीन वर्षांपासून शुगर आहे, गोळ्यांवर आटोक्यात. एजंट म्हणतो, ‘मेडिकलमध्ये अडकाल, दीड लाखात क्लिअरन्स करून देतो. फॉर्मवर शुगर लिहूच नका.’ वडील 69 वर्षांचे, किडनी थकलेली, क्रिएटिनिन चारच्या वर. त्यांना मागाहून न्यायचं, तिकडे डायलिसिस फुकट असतं. प्रश्न असा: खर्चासाठी केळीची दोन एकर विकावी की सोन्यावर कर्ज काढावं? आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: ‘यंदा आईवडिलांच्या मेडिक्लेमचे 58 हजार राहिले, कारण युलिपचा (शेअर बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसीचा) दुसरा हप्ता होता.’

भाऊ, तुमचं पत्र मी शेवटच्या ओळीपासून वाचतोय. पॉलिसी 3 तारखेला संपली आणि पत्र 19 तारखेचं आहे. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, म्हणून पत्र मिळाल्या दिवशीच तुम्हाला फोन लावला. मधल्या दिवसांत दवाखाना लागला तर क्लेम मिळत नाही, पण मुदतीत पैसे भरले तर सात वर्षांचं सातत्य टिकतं. ते तुटलं तर 69 वर्षांच्या, किडनी थकलेल्या माणसाला नवी पॉलिसी कोण देणार? दिलीच, तरी जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. आणि सलग पाच वर्षं झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘आजार लपवला’ म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. हे सगळं पदरात होतं. ते सोडलंत कशासाठी? युलिपसाठी!

तुमच्या बँकेतल्या साहेबांनी ‘कॅनडा फंड, पाच वर्षांत दुप्पट’ म्हणून ती गळ्यात मारली. एकरकमी पैसे टाकले असते तरी पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला जवळपास पंधरा टक्के लागतात, तेही सगळे चार्जेस वजा जाता. शिवाय पाच वर्षं पैसा अडकलेला, म्हणजे कॅनडाला दाखवायलाही कामाचा नाही. पुढचा हप्ता भरू नका. तिसऱ्या वर्षी बंद केली तर जास्तीत जास्त चार हजार कापतील, उरलेली रक्कम पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळेल.

आता वडिलांना नेण्याचं. ते तुमच्या बायकोच्या अर्जात येतच नाहीत. तिथे नवरा-बायको आणि 22 वर्षांखालची मुलं एवढंच कुटुंब. म्हणजे त्यांच्या किडनीने तुमची पीआर अडत नाही. पण मागाहून आईवडिलांसाठी अर्ज केलात, की त्यांच्या उपचाराचा खर्च मोजला जातो. 2025 ची मर्यादा वर्षाला 27,162 कॅनेडियन डॉलर, म्हणजे साधारण 17 लाख रुपये. डायलिसिस त्याच्या कितीतरी वर जातं. नवरा-बायको आणि मुलांना स्पॉन्सर केलं तर या अटीतून सूट आहे, आईवडिलांना नाही. आईवडिलांना लांब मुदतीच्या भेटीला नेण्याचा सुपर व्हिसा असतो, त्यालाही मेडिकल लागतं आणि एक लाख डॉलरचा खाजगी विमा लागतो. तेव्हा वडील फैजपूरलाच राहणार असं धरूनच हिशोब करा.

डायलिसिस सुरू झालं तर आठवड्यातून तीनदा, महिन्याला बारा वेळा. खाजगीत एका वेळचे दोन हजार, भुसावळला जायला-यायला गाडीचे हजार, वर औषधं-इंजेक्शनं. महिना चाळीस हजार, वर्षाला पाच लाख. महात्मा फुले योजनेतल्या दवाखान्यात डायलिसिस मोफत होतं, रेशनकार्ड काढून बघा. पण गाडी, औषधं आणि आईची धावपळ योजनेत बसत नाही.

म्हणून दोन एकर विकायची नाही. सातबारा वडिलांच्या नावावर आहे, असं तुम्हीच लिहिलंय. ती केळीची बाग त्यांच्या म्हातारपणाचा पैसा आहे. आणि सोन्यावर कर्ज काढून भागणार नाही. 2025 च्या हिशोबाने चौघांसाठी सुमारे 28 हजार डॉलर, म्हणजे 18 लाख, स्वतःचे दाखवावे लागतात, उसने चालत नाहीत. तुमच्याकडे एफडी आणि पीएफ धरून 11 आहेत. सात कमी पडतात. दोन वर्षं साठवा, तोवर बायकोची इंग्रजीची परीक्षा आणि शिक्षणाचं मूल्यांकन होऊ द्या.

त्या दीड लाखाचं सांगायचं तर, मेडिकल कॅनडा सरकारने नेमलेला डॉक्टर करतो आणि निर्णय तिकडचा अधिकारी घेतो. मध्ये कुणाला ‘क्लिअरन्स’ देता येत नाही. शुगरच्या गोळ्यांचा खर्च 27 हजार डॉलरच्या जवळपासही जात नाही. उलट शुगर लपवली आणि सापडली, तर पाच वर्षं बंदी. सल्लागाराला त्याचा आरसीआयसी नंबर, म्हणजे कॅनडाच्या परवान्याचा नंबर, विचारा. तो कॅनडात हा परवाना देणाऱ्या संस्थेच्या (तिला तिकडे ‘कॉलेज’ म्हणतात) साइटवर तपासता येतो. नंबर सांगायला टाळाटाळ केली तर चहा पिऊन उठा.

एक राहिलं. 70 पूर्ण झाले की वडिलांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळेल, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण. ते येत्या मार्चमध्ये सत्तरीचे होतात, असं तुम्ही लिहिलंय. पण वय आधारवरचं धरतात, आणि आपल्याकडच्या अर्ध्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून असते. आधार काढून बघा. तिथेही 1 जून असेल, तर कार्ड मार्चमध्ये निघणार नाही.